लावणी आणि लावणीवाली

कृष्णा महाबळेश्वराहून उतरते ती वाईचे घाट, माहुलीचा संगम आणि कऱ्हाडचा प्रीतिसंगम मागे टाकून सांगलीस येते. तिच्या वाटेवरील या मुलुखाने महाराष्ट्राला छत्रपतींची गादी दिली, शास्त्री-पंडित दिले आणि १९४२ च्या लढ्यात प्रतिसरकार दिले. हा सारा इतिहास शाळेच्या पुस्तकांत आलेला आहे. परंतु याच मुलुखाने महाराष्ट्राला आणखी एक देणगी दिली, आणि तिची नोंद करताना मात्र पुष्कळांची लेखणी अडखळते. ती देणगी म्हणजे महाराष्ट्राचे नाचगाणे.

१८४३ साली सांगलीच्या दरबारात विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ नाटक केले आणि मराठी रंगभूमीचा प्रारंभ झाला. १८६५ च्या सुमारास तासगाव तालुक्यातील सावळज गावच्या उमा-बाबूंनी ‘मोहना-बटाव’ हा तमाशाचा पहिला वग रचला. १८६६ साली वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्ष येथे कुलकर्ण्यांच्या घरात जो मुलगा जन्मला, तो पुढे शाहीर पठ्ठे बापूराव म्हणून सर्वश्रुत झाला. त्याच तालुक्यातील वाटेगावी १९२० साली अण्णा भाऊ साठे जन्मले. आटपाडीकडील शेटफळ्यास १९१९ साली गजानन दिगंबर माडगूळकर जन्मले. आणि साताऱ्याजवळच्या नुने-कळमे गावी १९१५ साली एका कोल्हाटी कुटुंबात यमुनाबाई वाईकर जन्मल्या. एका छोट्याशा टापूत इतकी नावे एकवटावीत ही सामान्य गोष्ट नव्हे. त्या काळी हा बहुतेक प्रदेश सातारा जिल्हा आणि आसपासची संस्थाने यांत मोडे. १९४९ साली त्यातून दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले.

या नावांकडे नुसते अभिमानाने पाहून भागणार नाही. ती दोन रांगांत मांडून पाहिली म्हणजे त्यांतून एक प्रश्न उभा राहतो. एका रांगेत ज्यांनी लावणी लिहिली, चालीवर बसवली, छापली वा चित्रपटात नेली ते लोक. दुसऱ्या रांगेत जिने ती नाचून, गाऊन, चेहऱ्यावर उमटवून जिवंत ठेवली ती स्त्री. पहिल्या रांगेत सर्व जातींचे पुरुष आहेत. दुसऱ्या रांगेत चार-दोन जातींच्या बायका आहेत. समाजाने लावणी वेळोवेळी आपलीशी केली. लावणीवालीला मात्र दाराबाहेर ठेवले. हे कसे घडले, याचा विचार करण्यास सातारा-सांगलीइतका चांगला प्रदेश दुसरा नाही.

प्रथम पेशवाईकडे वळावे लागते. लावणीचा बहर तो. त्या काळचे नामांकित शाहीर पाहिले तर लेखणीला जातीचे बंधन नव्हते, असेच दिसते. सोलापूरचे रामजोशी आणि संगमनेरचे अनंतफंदी ब्राह्मण होते, प्रभाकरही ब्राह्मणच होते. होनाजी गवळी होता आणि त्याचा जोडीदार बाळा शिंपी होता. सगनभाऊ मुसलमान शिकलगार होता. परशराम शिंपी होता. कीर्तनात पांडित्य गाजवू शकणारा रामजोशी डफ-तुणतुण्याच्या संगतीस गेला म्हणून लोकांनी नाके मुरडली खरी, परंतु त्याचे कवन पाठही केले. पायांची गोष्ट मात्र निराळी होती. त्या काळच्या फडात बाईचे सोंग घेऊन बहुधा पोरगाच नाचे. त्यास ‘नाच्या पोऱ्या’ म्हणत. सरदारांच्या वाड्यांतून ज्या स्त्रिया नाचत-गात, त्या कलावंतिणी वा कुणबिणी असत, आणि त्यांपैकी कित्येकींना आपल्या देहावरही पुरता हक्क नसे.

आणखी एक बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. शृंगारिक लावणीत बोलणारी बहुधा स्त्री असते. विरहाने झुरते ती, रुसते ती, शालूचा हट्ट धरते ती, सवतीवर जळते ती. परंतु तिच्या तोंडचे शब्द रचणारे जवळजवळ सगळे पुरुष, म्हणून दाखवणारा पुष्कळदा नाच्या पोऱ्या आणि ऐकणारेही पुरुषच. म्हणजे स्त्रीचे मन हा विषय, आणि त्या साऱ्या बैठकीत स्त्रीच तेवढी नाही, असा हा प्रकार होता.

पेशवाई बुडाली तसे शाहिरांचे आश्रयदाते गेले. तमाशाने वाड्याची पायरी उतरून गावच्या जत्रेची वाट धरली. याच सुमारास सांगलीस श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांचे नाटक उभे राहिले. पुढे दोन दशकांत सावळजला वग जन्मला. सांगली आणि सावळज ही एकाच जिल्ह्यातील गावे. पण एक संस्थानिकाचे राजधानीचे शहर आणि दुसरे दुष्काळी पट्ट्यातले खेडे. भाव्यांच्या पाठीशी दरबार होता. उमा-बाबू मातंग समाजातले होते. त्यांच्या पाठीशी गाव-जत्रांच्या सुपाऱ्या होत्या. परंतु दोघांनी केले ते एकाच जातीचे काम. तोपर्यंत तमाशात गण, गवळण आणि लावण्या होत्या. वगाने त्यात कथा आणली, राजा, प्रधान, राणी, चोर ही पात्रे आणली, आणि सोंगाड्याला बोलण्यास भरपूर वाव दिला. एका घटनेचा दिवस, ५ नोव्हेंबर, महाराष्ट्र मराठी रंगभूमिदिन म्हणून पाळतो. दुसऱ्या घटनेची आठवण अभ्यासकांपुरतीच राहिली.

नाटक आणि तमाशा या दोन्ही मंचांवर स्त्रीचा प्रश्न एकाच वेळी उभा राहिला आणि दोहोंनी त्याची उत्तरे अगदी उलट दिली. नाटकाने ठरवले की कुलीन घरची स्त्री रंगभूमीवर येणे नाही. तिची भूमिका पुरुषाने करावी. सांगलीजवळच्या हरिपूरचे गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९९ साली ‘शारदा’ नाटक लिहिले. म्हाताऱ्याच्या गळ्यात बांधल्या जाणाऱ्या मुलीचे दुःख त्यांनी इतक्या कळवळ्याने मांडले की ते पाहून प्रेक्षक हळहळत. पण शारदा होत असे पुरुषच. या परंपरेचा कळस बालगंधर्वांनी गाठला. नारायणराव राजहंसांचे मूळ गाव कृष्णाकाठचे नागठाणे, म्हणजे पुन्हा हाच मुलूख. त्यांनी नेसलेले शालू, घातलेले दागिने आणि केसांत माळलेली फुले यांचे अनुकरण चांगल्या चांगल्या घरच्या स्त्रिया करीत. स्त्रीने कसे दिसावे हे महाराष्ट्रातील सुशिक्षित स्त्रीने एका पुरुषाकडून शिकावे, यात त्या वेळी कोणास काही गैर वाटले नाही.

याच्या शेजारी तमाशातील नाच्या ठेवून पाहावा. तोही पुरुष, तोही लुगडे नेसतो, तोही स्त्रीचे हावभाव करतो. परंतु बालगंधर्वांस या कामाने मानपत्रे मिळाली आणि नाच्याला चेष्टा मिळाली. गावात त्याला पुरुषांत धरीत नसत, त्याचे लग्न जमणे अवघड होई, मुलाबाळांना टोमणे खावे लागत. कागलचे आनंद यादव यांनी ‘नटरंग’ या कादंबरीत हेच दुःख लिहिले. २०१० साली त्यावर निघालेला चित्रपट शहरांतूनही मोठ्या गर्दीने पाहिला गेला. काम तेच, वेष तोच. फरक एवढाच की एकाच्या समोर खुर्च्यांवर बसलेला वर्ग होता आणि दुसऱ्याच्या समोर जमिनीवर बसलेला. पुरुषाने बाई होणे ही कला की नामुष्की, हे समोरच्या प्रेक्षकांच्या ऐपतीवर ठरत होते.

गंमत अशी की गाण्याच्या बाबतीत हे सोवळे कोणी पाळले नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ आणि १८८२ साली ‘सौभद्र’ ही संगीत नाटके रंगभूमीवर आणली, त्यांच्या पदांत साकी, दिंडी यांच्या जोडीला लावणीच्या चालीही आल्या. जी चाल जत्रेत ढोलकीवर ऐकू आली असता घरातील वडीलधारे खिडकी लावून घेत, तीच चाल ऑर्गनवर आली म्हणजे दिवाणखान्यात मुलीबाळींकडून म्हणवून घेतली जाई. चालीला जात चिकटत नाही. ती चिकटते गाणाऱ्याला.

तमाशाने मात्र स्त्रीच्या प्रश्नाला दुसरे उत्तर दिले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नाच्या पोऱ्या मागे पडत गेला आणि त्याच्या जागी प्रत्यक्ष स्त्री उभी राहिली. या पहिल्या स्त्रियांत सर्वांत गाजलेले नाव पवळाबाईंचे. संगमनेर तालुक्यातील हिवरगाव पावसा हे त्यांचे गाव; समाज महार. या पवळाबाईंची आणि रेठऱ्याच्या बापूरावांची जोडी जमली, आणि महाराष्ट्रातील तमाशाला ऐन भराचे दिवस आले.

बापूरावांचे मूळ नाव श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. गावचे कुलकर्णीपण घरात, म्हणजे दप्तर हाती आणि मान पाठीशी. कवित्वाचे वेड लागले आणि ते तमाशाच्या फडात गेले. ब्राह्मणाने महार स्त्रीबरोबर फडात उभे राहणे, तिच्या हातचे खाणे-पिणे, तिच्यासह राहणे हे त्या काळच्या रेठऱ्यास मानवणे शक्य नव्हते. त्यांनी घर सोडले, वतन सोडले, जात सोडली. मुंबईच्या थिएटरांपासून खेड्यांच्या जत्रांपर्यंत त्यांचा फड गाजला. त्यांच्या ‘मिठाराणी’च्या वगाची कीर्ती दूरवर पसरली. त्यांच्या रचनांची संख्या दोन लाखांवर होती असे सांगण्याची तमाशाच्या लोकांत रीत आहे. संख्या काहीही असो, त्यांच्या कवनांवर पुढच्या दोन पिढ्यांचे फड जगले, यात शंका नाही. अखेर १९४५ साली हा शाहीर पुण्यास विपन्नावस्थेत वारला.

बापूरावांच्या त्यागाचे वर्णन पुष्कळांनी केले आहे आणि ते योग्यच आहे. परंतु त्या वर्णनात एक बाजू सहसा झाकली जाते. बापूरावांनी जे सोडले ते त्यांच्याजवळ होते म्हणून सोडता आले. पवळाबाईंजवळ सोडण्यास वतन नव्हते आणि परत जाण्यास प्रतिष्ठा नव्हती. ब्राह्मण फडात गेला म्हणून त्याची कथा झाली. महार स्त्री फडात गेली यात कोणास काही नवल वाटले नाही, कारण तिची जागा तीच असे धरलेले होते.

महाड सत्याग्रहाच्या काळातील, म्हणजे १९२७ च्या सुमाराचा, एक प्रसंग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रकारांनी नोंदला आहे. बापूरावांनी आपल्या काही खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले. बाबासाहेबांनी ते नाकारले. अस्पृश्य स्त्रियांना नाचवून मिळवलेला पैसा त्यांच्याच उद्धाराच्या कार्यात नको, असा त्या नकाराचा आशय होता. जे समाज पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्यांच्या करमणुकीसाठी राबले, त्यांच्या नेत्याने असा नकार द्यावा यातील स्वाभिमान कोणासही पटेल. परंतु या कथेत देणारा बोलतो आणि नाकारणारा बोलतो. जिच्या पायांनी तो पैसा मिळाला होता ती बोलत नाही. तिच्याही मनात चळवळीसाठी काही द्यावे असे आले असेल, हा विचार कथा सांगणाऱ्यांना सुचत नाही.

तमाशाचा संसार कसा चाले, हेही पाहिले पाहिजे. कारण स्त्रीच्या स्थानाचे मर्म तेथे आहे. तमाशाच्या दोन तऱ्हा आहेत. एक ढोलकीफडाचा तमाशा. त्यात ढोलकी, हलगी, तुणतुणे, कडे आणि झांज यांच्या साथीने गण, गवळण, बतावणी, लावण्या आणि शेवटी वग असा रात्रभराचा क्रम असे. यात महार आणि मातंग समाजांचे लोक विशेष. मिरज तालुक्यातील कवलापूरच्या घराण्याने हा तमाशा पिढ्यान्‌पिढ्या चालवला आणि त्यातील काळू-बाळू या जुळ्या भावांनी सोंगाड्याच्या कामाने महाराष्ट्राला पोट धरधरून हसवले. पालीचा खंडोबा, औंधची यमाई, म्हसवडचा सिद्धनाथ, शिखर शिंगणापूरचा शंभुमहादेव अशा देवस्थानांच्या यात्रा-जत्रांनी भरलेला हा मुलूख. दसरा झाला की फड गावाबाहेर पडत ते वैशाखअखेर परतत. गिरणगावात सातारा जिल्ह्याचे कामगार पुष्कळ. म्हणून लालबाग-परळातही या फडांना हक्काचा प्रेक्षक लाभे. दिवसभर साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री ढोलकीची थाप ऐकून क्षणभर गावी जाऊन येई.

दुसरी तऱ्हा संगीत बारीची. बारी म्हणजे पाळी. एकाच थिएटरात चार-सहा पार्ट्या उतरलेल्या असत आणि आपापल्या पाळीस नाचगाणे करीत. येथे वग नाही. पेटी, तबला, ढोलकी आणि लावणी. यात कोल्हाटी समाजाच्या स्त्रिया मुख्य. त्यांच्यात रूढी अशी की जी मुलगी पायांत चाळ बांधील तिचे लग्न होत नसे. तिच्या मिळकतीवर आई-बाप, भाऊ, भावजया आणि त्यांची मुले जगत. तिला मुले झाली तर त्यांच्या नावापुढे आईचे नाव लागे. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ या १९९४ साली निघालेल्या आत्मचरित्रात या जिण्याचे जे चित्र काढले, ते वाचून पांढरपेशा महाराष्ट्राला प्रथमच घुंगरांच्या मागचे घर दिसले. कुटुंबाचा कर्ता पुरुष तो असे आपण म्हणतो. या घरांतून मिळवती ती कर्ती असे, पण तिच्या मिळकतीचा आणि तिच्या आयुष्याचाही निर्णय घेणारे दुसरेच असत. गाणे चालू असता प्रेक्षकाने पैसे द्यावेत, त्याचे नाव पुकारले जावे आणि त्याच्या फर्माइशीची लावणी व्हावी, ही दौलतजादाची चाल. तीत देणाऱ्याचा मान वाढे. घेणारीचा वाढत नसे.

मग या स्त्रीचे स्वतःचे असे काहीच नव्हते काय? होते, आणि येथेच लावणीचा खरा इतिहास कागदाबाहेर जातो. बैठकीच्या लावणीत गाणारी स्त्री पुष्कळदा बसूनच असते. ती एकच ओळ घेते आणि ती पाच-सात वेळा फिरवून म्हणते. शब्द तेच, परंतु एकदा त्यात रुसवा असतो, एकदा थट्टा, एकदा आर्जव, एकदा नुसता उपहास. भुवई, बोटे, पदराचे टोक आणि आवाजातला किंचित कंप एवढ्या सामग्रीवर ती त्या ओळीचे निरनिराळे अर्थ काढून दाखवते. यास अदाकारी म्हणतात. पुरुषाने लिहिलेल्या स्त्रीच्या शब्दांवर स्त्रीने केलेले हे भाष्यच होय. शाहिराने लिहिले असेल की ती झुरते. गाणारी डोळ्यांच्या एका हालचालीने सुचवते की झुरण्याचे हे नाटक आहे, आणि समोरचा रंगेल त्यात फसलेला आहे. परंतु लावण्यांची पुस्तके छापली गेली तेव्हा त्यांवर नावे आली ती शाहिरांची. जी भर गाणाऱ्यांनी घातली ती छापता येण्याजोगी नव्हती. म्हणून ती इतिहासातही आली नाही.

सुधारणेच्या चळवळींनी या स्त्रीचे काय केले, हा यापुढचा प्रश्न. सातारा जिल्हा सत्यशोधक चळवळीचे मोठे केंद्र. सत्यशोधकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसे उभे केले. गणपतीच्या गणाऐवजी निर्मिकाचे स्तवन आले, सावकार, भट आणि वतनदार यांच्यावर बतावण्या आल्या. शेतकऱ्याला त्याच्याच भाषेत शहाणे करणारे हे कार्य थोर होते. पण जलशातून बाई वगळली गेली. पुढे प्रतिसरकारच्या काळात शाहीर शंकरराव निकमांसारख्यांच्या डफाने गावे जागी केली. तेथेही मंच पुरुषांचाच. अण्णा भाऊ साठे हे तमाशाच्याच समाजातून आलेले. त्यांनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्यासह १९४४ साली लाल बावटा कलापथक काढले, तमाशाचे लोकनाट्य केले, गणात मातृभूमीला आणि श्रमिकांना वंदन आणले आणि गवळण गाळली. गावी राहिलेली बायको आणि मुंबईस गेलेला नवरा ही लावणीतील जुनी ताटातूट घेऊन त्यांनी संयुक्त महाराष्ट्राचे गाणे रचले, तेव्हा लावणीच्या घाटाला केवढे सामर्थ्य आहे हे सर्वांस कळले. ‘वैजयंता’ कादंबरीत त्यांनी तमाशातील स्त्रीलाच नायिका केले, हे त्यांचे विशेष. तरी एकंदरीत पाहता सुधारकांच्या मते तमाशा शुद्ध करणे म्हणजे त्यातली बाई कमी करणे, असेच समीकरण बसले होते.

स्वातंत्र्याच्या आगेमागे मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. मग महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधारण्यासाठी समिती नेमली गेली, आणि पुढे वगाच्या संहिता सरकारी मंडळाकडून मंजूर करून घेण्याचा नियम आला. अश्लीलता जावी हा हेतू वाईट म्हणता येणार नाही. परंतु बंदीच्या दिवसांत ज्या चुली विझल्या त्या पाहणाऱ्यांच्या नव्हत्या, नाचणाऱ्यांच्या होत्या.

याच काळात पांढरपेशा समाजातही स्त्री मंचावर येत होती. १९०५ साली मिरजेस जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या आणि गाणाऱ्या स्त्रीला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. परंतु ही प्रतिष्ठा एका अटीवर मिळत होती. गाणारीने शांत बसावे, अंगविक्षेप टाळावेत, अदा तर मुळीच करू नये. आवाजाला मान मिळाला, तो देहाला स्थिर बसवून.

चित्रपटाने ही विभागणी पुरी केली. १९४७ साली ‘लोकशाहीर रामजोशी’ निघाला आणि माडगूळकरांची लेखणी लावणीकडे वळली. शेटफळ्यात जन्मलेल्या या ब्राह्मण कवीस त्यासाठी रेठऱ्याच्या कुलकर्ण्यांसारखी जात सोडावी लागली नाही, एवढा काळ बदलला होता. १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्याच्या एकाच थिएटरात शंभराहून अधिक आठवडे चालला. सुलोचना चव्हाण यांनी लावणी अशी गायली की तिचा ठसका घरोघर पोहोचला; आणि त्या स्वतः गात ते डोक्यावर पदर घेऊन. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचा गळा थोर होता यात वाद नाही. परंतु ध्वनिमुद्रिकेने एक नवी सोय केली, हे मान्य केले पाहिजे: बाई न पाहता लावणी ऐकण्याची सोय. आवाज एकीचा, देह दुसरीचा, शब्द तिसऱ्याचे. आणि ज्या थिएटरांतून ती अदा आली होती तिकडे न जाताही लावणीचा शौक करता येऊ लागला.

तंजावरकडे पाहिले म्हणजे निराळा मासला दिसतो. तेथेही मराठ्यांचीच, भोसल्यांची, गादी होती. दुसऱ्या सरफोजी राजांच्या पदरी चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी नृत्याच्या शिक्षणाची घडी बसवली. ते नृत्य देवदासी करीत. पुढे १९३६ साली रुक्मिणीदेवींनी मद्रासेस ‘कलाक्षेत्र’ स्थापले, उच्चवर्णीय मुली ते नृत्य शिकू लागल्या आणि त्याचे भरतनाट्यम झाले. १९४७ च्या कायद्याने देवदासीची चाल बंद झाली. तेथे नृत्याला मंदिराचा मान होता, म्हणून वरच्या वर्गाने नृत्यच उचलले. महाराष्ट्रात जत्रेचे नृत्य फार काळ कोणी उचलले नाही. गाणे तेवढे घेतले. दोन्हीकडे ज्या स्त्रियांनी कला जतन केली त्या मात्र मागे राहिल्या.

या साऱ्या इतिहासात यमुनाबाई वाईकरांचे आयुष्य म्हणूनच मोलाचे आहे. लहानपणी आईबरोबर गावोगाव फिरून नाचगाणे करणारी ही मुलगी. आई गीताबाई हीच त्यांची पहिली गुरू. संगीत बारीत नाव मिळवले, बैठकीच्या लावणीची जुनी अदाकारी मुखोद्गत ठेवली, आणि कथकचे बिरजू महाराज यांच्यासमवेत दिल्लीच्या मंचावर आपली कला दाखवली. १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली, वयाच्या ९७ व्या वर्षी, पद्मश्री त्यांना मिळाली. २०१८ साली वाईस त्यांचे निधन झाले. ज्या वाईच्या घाटावर वेदपाठ होत, त्या गावाचे नाव या कोल्हाटी स्त्रीने आपल्या नावापुढे लावले आणि ते देशभर नेले. शब्द शाहिरांचे असतील. त्यांवरचा अर्थ तिचा होता, आणि उशिरा का होईना, त्या अर्थाचा सन्मान झाला.

आज शाळा-महाविद्यालयांच्या संमेलनांत नऊवारी नेसलेल्या मुली लावणीवर नाचतात, आई-बाप समोर बसून टाळ्या देतात. ही वाईट गोष्ट नव्हे. लावणीवरचे जातीचे जोखड सैल झाल्याचीच ती खूण आहे. मात्र त्या नाचापूर्वी निवेदन होते, त्यात कवीचे नाव येते, संगीतकाराचे येते, चित्रपटाचेही येते. जिच्या पिढ्यांनी ती भुवई आणि ते पाऊल शोधून काढले, तिचे नाव येत नाही. सांगलीस भाव्यांच्या नावाचे नाट्यगृह आहे, आणि ते असलेच पाहिजे. पण महाराष्ट्राच्या नाचगाण्याचा इतिहास ज्या दिवशी सरळ लिहिला जाईल, त्या दिवशी सांगलीच्या शेजारी सावळज, बालगंधर्वांच्या शेजारी नाच्या आणि बापूरावांच्या शेजारी, मागे नव्हे, पवळाबाई उभ्या कराव्या लागतील. लावणीचा मान महाराष्ट्राने केला आहे. लावणीवालीचे देणे अद्याप फिटावयाचे आहे.